पुढच्या सभेत

ट्रिप्लिकेनला पार्थसारथी मंदिराच्या मागच्या अंगाला एका अरुंद गल्लीत सोळा घरांची आमची बिल्डिंग आहे. मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर. ती मूळची पुण्याची. लग्न होऊन तंजावरी मराठी घरात आली आणि चेन्नईचीच झाली. तीस वर्षं तिने इथे जर्मन शिकवलं. काका गेल्यावर ती एकटी पडली, त्यातच माझी बदली चेन्नईला झाली, म्हणून मी तिच्याकडे राहायला आलो. पुढे बिल्डिंगच्या असोसिएशनचा सेक्रेटरीही झालो, कारण ते काम अंगावर घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मावशीच्या हॉलमध्ये एक चित्र आहे. जुन्या जर्मन कॅलेंडरमधून कापून काचेत घातलेलं. एकमेकींना बिलगून नाचणाऱ्या दोन बायका. चित्र बर्लिनच्या जान मामेनचं, १९२८ च्या आसपासचं. सकाळची कॉफी गाळताना मावशी त्या चित्राकडे पाठ करून उभी राहायची, पण बोलायची त्याच्याबद्दल. म्हणायची, "ह्या बाईने बर्लिनच्या नाचघरांत कोपऱ्यात बसून बायका काढल्या. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या, दमलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या. कुणाला देवी केलं नाही की कुणाला बदनाम केलं नाही."

तिसऱ्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहत. एक नागरकोईलची, नर्स. दुसरी सोलापूरची, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत. सोलापूरची लिफ्टमध्ये फोनवर आईशी मराठीत बोलताना मावशीने ऐकली आणि त्याच संध्याकाळी तिला शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली. त्या दोघी एकमेकींच्या कोण आहेत हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला आणि ३७७ कलमाखाली समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्या कमिटीची बैठक होती, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. लिफ्ट, गळती, जिन्यातल्या चपला असे नेहमीचे विषय संपल्यावर बँक-मामांनी हात वर केला. वय ७९, कपाळावर नामम्, सरकारी बँकेतून निवृत्त. त्यांनी नियमावलीचं पिवळं पडलेलं पुस्तक आणलं होतं. त्यात एक ओळ होती: घर फक्त कुटुंबालाच भाड्याने द्यावं, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलेल्यांना देऊ नये. बिल्डिंग झाली तेव्हापासूनची ओळ. कुणी कधी वापरलेली नव्हती.

"दोन मुली एकत्र राहतात म्हणजे काय, ते मला खरंच समजत नाही," बँक-मामा म्हणाले. "पण माझ्या बायकोला रात्री दोन वाजता सलाईन लावायला वरची नर्सच धावत आली होती. ही ओळ आज कुणी वापरत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, असं समजू नका. उद्या ती कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. खोडून टाका."

मला समजत नाही, पण अन्याय नको, असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटतो. पुढे ७ जून २०२१ ला मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मदुरैहून पळून आलेल्या दोन मुलींच्या प्रकरणात निकाल दिला. त्याआधी त्यांनी कोर्टातच कबूल केलं होतं की हा विषय आपल्याला पुरता कळलेला नाही. ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, शिकले, मग समलिंगी माणसांना 'बरं' करण्याच्या उपचारांवर बंदी घाला म्हणाले. आमचे बँक-मामा त्याच जातीचे होते.

सातजणांच्या कमिटीत चार विरुद्ध तीन मतांनी ओळ खोडायचं ठरलं. पण नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. अध्यक्ष म्हणाले, "लोकांची मनं अजून तयार नाहीत. पोंगलनंतरच्या सभेतही नको, त्याच्या पुढच्या सभेत घेऊ." मला ते शहाणपणाचं वाटलं. मी मिनिट्समध्ये लिहिलं आणि वही मिटली.

रात्री मावशीने विचारलं, "विषय घातलास का कार्यक्रमपत्रिकेवर?"

"पुढच्या सभेत घेणार आहोत."

तिने गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "१६ ऑक्टोबर १९२९. बर्लिन. जर्मन संसदेची फौजदारी कायद्याची समिती. कलम १७५, पुरुषापुरुषांमधल्या संबंधांना तुरुंग देणारं. ते नव्या कायद्यात ठेवायचं नाही, असं समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी ठरवलं. अध्यक्ष होते विल्हेल्म काल, कायद्याचे प्राध्यापक, जुन्या वळणाचे, वय ८०. त्यांनीही बाजूने मत दिलं."

"मग?"

"मग काही नाही. तो मसुदा संसदेपुढे कधी आलाच नाही. बरोबर आठ दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळायला लागला. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, मार्चमध्ये सरकार पडलं. कलम १७५ कोणाला आठवणार? समितीने हात वर केले तेव्हा संसदेत ४९१ जागांपैकी नाझींच्या होत्या १२. पुढच्या सप्टेंबरात १०७ झाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. प्राध्यापक काल त्याच वर्षी वारले."

मी म्हटलं, "मावशी, ही सोळा घरांची सोसायटी आहे." ती काही बोलली नाही. मला वाटलं, मुद्दा संपला.

नोव्हेंबरात पार्किंगमधून एक मोटारसायकल चोरीला गेली. वॉचमन अण्णांना रजिस्टर द्यायचं ठरलं. मी स्टेशनरीच्या दुकानातून लांब बांधणीची वही आणली आणि पट्टी घेऊन स्वतः रकाने आखले: तारीख, नाव, कुठल्या घरी, आत, बाहेर. एक रकाना उरत होता. रिकामा कशाला ठेवायचा म्हणून मी त्यावर लिहिलं: नातं. तो रकाना मला कुणीही आखायला सांगितला नव्हता.

जानेवारीच्या सभेत नियमाचा विषय नव्हताच, तरी चपलांवरून तो निघाला. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे. आपल्या मद्रासमध्ये असलं कधी नव्हतं." कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. मावशी घरी आली ती तावातच.

"मद्रासमध्ये म्हणे! याच मद्रासचा एक माणूस होता, एम. पी. टी. आचार्य. सुब्रमण्य भारतींच्या 'इंडिया' साप्ताहिकासाठी खपला, इंग्रज मागे लागले म्हणून १९०८ मध्ये पाँडिचेरीला गेला, तिथून युरोप. मॉस्कोत मॅग्दा नाखमान नावाच्या चित्रकार बाईशी लग्न केलं. १९२२ पासून दोघं बर्लिनमध्ये, हातातोंडाची गाठ पडायची मारामार. मॅग्दा लोकांची व्यक्तिचित्रं काढायची. रशियातून पळून आलेल्या नाबोकोव्ह कुटुंबातल्या माणसांचीही तिने काढली. पुढे जगभर गाजलेला लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह, तोच. त्याचा धाकटा भाऊ सेर्गेई. बोलताना अडखळायचा. पुरुषावर प्रेम करायचा. त्याला कलम १७५ खाली धरलं १९४१ मध्ये. सुटला. मग राजवटीविरुद्ध बोलला म्हणून पुन्हा धरला आणि जानेवारी १९४५ मध्ये नॉएनगामेच्या छळछावणीत तो मेला. युद्ध संपायला चार महिने राहिले होते."

"आणि आचार्य?"

"ते दोघं वेळेवर निघाले. १९३४ मध्ये जर्मनी सोडली, दोन वर्षांत मागेपुढे मुंबईला पोचले. मॅग्दा मुंबईतच वारली, १९५१ मध्ये. आपल्या रझा-हुसेनच्या पिढीने त्या बाईची चित्रं समोर पाहिलीत. तेव्हा हे 'तिकडचं' आणि ते 'इकडचं' असं मला नको शिकवू." मग जरा शांत होऊन म्हणाली, "आणि ते दोघं जर्मनीतून निघाले त्याच वर्षी मुंबईत काय चाललं होतं? र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. अश्लीलतेचा खटला झाला १९३४ मध्ये. वकील कोण, तर डॉ. आंबेडकर. हरले. २०० रुपये दंड."

मी म्हटलं, "हे तू सभेत का नाही बोललीस?"

"सेक्रेटरी तू आहेस," ती म्हणाली.

२०१९ चा उन्हाळा चेन्नईत ज्यांनी काढला ते तो विसरणार नाहीत. पून्डी, चेंबरमबाक्कम, रेड हिल्स, शोळवरम, चारही तलावांनी तळ दाखवला. आमची बोअरवेल मे महिन्यातच खडखडली. मेट्रो वॉटरची लॉरी गल्लीच्या तोंडाशी यायची तेव्हा रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग मंदिराच्या तळ्यापर्यंत जायची. खासगी टँकरवाला सांगेल तो भाव. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं. आमच्याकडे दोन घरांत बादलीवरून हातघाई झाली, आणि आधीच्या कमिटीने घाबरून राजीनामा दिला. बँक-मामा एप्रिलमध्येच गेले होते. शेवटचे आठ दिवस वरची नर्स ड्यूटी संपवून रोज त्यांच्या उशाशी बसत होती.

नवे अध्यक्ष कोइम्बतूरचे, इंजिनिअर, कामाला वाघ. सोळापैकी तेरा मतं त्यांना पडली. त्यातलं एक माझं. त्यांनी जुलैतल्या पहिल्याच सभेत ठराव मांडला की पाण्याचं संकट संपेपर्यंत कमिटीने घेतलेला निर्णय सर्वसाधारण सभेपुढे आणायची गरज नाही. मी ठराव वाचून दाखवला. हात वर झाले. मावशीचा हात तिच्या मांडीवर होता. अध्यक्षांनी हसून विचारलं, "आंटी, पाणी नको का?" ती म्हणाली, "पाणी हवंय. विचारणंही हवंय." लोक हसले. माझीही मान खाली गेली, लाजेने, आणि ती लाज तिची वाटली मला, माझी नाही.

पाणी आलं. हे मान्य केलं पाहिजे. टँकर ठरल्या वेळी येऊ लागला, आठ वर्षं कुरकुरणारी लिफ्ट आठ दिवसांत दुरुस्त झाली. अध्यक्षांचं नाव निघालं की लोक समाधानाने मान डोलवायचे. मग सप्टेंबरात एक कागद माझ्या सहीसाठी आला. विषय: नियमांची अंमलबजावणी. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना तीस दिवसांत घर सोडायला सांगण्यात येत आहे. आधार, नियमावलीतली ती ओळ. पुरावा, गेटवरचं रजिस्टर: अनोळखी व्यक्तींची वारंवार ये-जा, नोव्हेंबरपासून ५२ नोंदी, त्यात एक बाई जवळपास दर शुक्रवारी.

सगळं नियमाला धरून होतं. ओळ खोडलेली नव्हती. मी सही केली नाही, पण सेक्रेटरीच्या सहीची आता गरजही नव्हती. ते त्याच जुलैच्या ठरावात होतं, माझ्याच अक्षरात.

रात्री जेवण जाईना. मावशीने ताट झाकून ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, "रजिस्टर चोरासाठी होतं गं."

"बर्लिनच्या पोलिसांकडेही याद्या होत्या," ती म्हणाली. "गुलाबी याद्या म्हणायचे. कैसरच्या काळापासूनच्या. लोकशाही आली, कैसर गेला, याद्या राहिल्या. आणि त्या काळात बर्लिनचे पोलीस काही राक्षस नव्हते. समलिंगी माणसांना धमकावून पैसे उकळणाऱ्यांना ते पकडायचे. माग्नुस हिर्शफेल्डसारखा डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करायचा. १९१९ मध्ये त्याने बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. ग्रंथालय, दवाखाना, सल्ला. रोज माणसं यायची, मन मोकळं करून जायची. १९३१ मध्ये तो इथे भारतभर व्याख्यानं देत फिरला, अलाहाबादला नेहरूंकडे उतरला. तो परत घरी गेलाच नाही. ६ मे १९३३ ला विद्यार्थी बँड वाजवत त्याच्या संस्थेत घुसले, १० मेला ती पुस्तकं ऑपेरासमोरच्या चौकात जाळली. पॅरिसच्या सिनेमाघरात बातमीपटात त्याने ते पाहिलं. आणि याद्या? त्या कुणी जाळल्या नाहीत. त्या कामाला आल्या."

तिने चित्राकडे बोट केलं. "ह्या मामेनच्या चित्रांवरही १९३३ मध्ये बंदी आली. तिने प्रदर्शनं सोडली. हातगाडीवर जुनी पुस्तकं विकली. कुर्फ्युर्स्टनडामवरच्या २९ नंबरच्या इमारतीत, मागच्या दोन खोल्यांत, पन्नासहून जास्त वर्षं राहिली ती. नाचघरं तर हिटलर यायच्या आधीच बंद व्हायला लागली होती, १९३२ मध्ये. तोवर लोकांना सवय झाली होती."

"कलम कधी गेलं मग?"

"पुरतं गेलं १९९४ मध्ये. मी इथे वर्गात ती बातमी मुलांकडून वाचून घेतली होती. १९२९ आणि १९९४. वजाबाकी कर."

मी केली. मग उठलो, खाली गेलो. वॉचमन अण्णा खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. मी जुनं रजिस्टर मागितलं. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. आम्ही दोघं दिव्याखाली बसलो आणि तिसऱ्या मजल्याच्या नोंदी एकेक करून मोजल्या. कुरियर. गॅसवाला. सोलापूरहून आलेली धाकटी बहीण. हॉस्पिटलमधल्या मैत्रिणी. आणि दर शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, ओळखीचं, उजवीकडे झुकलेलं देवनागरी अक्षर.

मावशीचं. ३१ नोंदी. दुसऱ्या मजल्यावर राहणारी माझी मावशी, वर तिसऱ्या मजल्यावर जायच्या आधी जिना उतरून गेटपर्यंत येत होती आणि पाहुण्यासारखी नोंद करत होती. 'नातं' या रकान्यात कधी 'शेजारीण' लिहिलेलं, कधी 'मावशी'. मार्चपासून सरळ 'आई'.

त्याच रकान्यात तमिळमध्ये, थरथरत्या हाताने, एप्रिलनंतरच्या चार नोंदी होत्या. अण्णांनी वाचून दाखवल्या. बँक-मामी. नातं: 'मुलगी'.

"हे अध्यक्षांना सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"त्यांनी आकडा मोजून नेला, सार. आंटींचं अक्षर त्यांना वाचता येत नाही. मला कुणी विचारलं नाही." अण्णा जरा थांबले. "मी आंटींना म्हटलं होतं, तुम्हाला लिहायची गरज नाही. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी जाणाऱ्यांचं लिहायचं असेल तर माझंही लिहून ठेव."

मी वर आलो. मावशी जागीच होती. मी तिला काही विचारलं नाही. नियमावलीचं पुस्तक काढलं आणि शेवटची पानं चाळली. एक तृतीयांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर खास सभा बोलवावीच लागते. सोळातले सहा. कोऱ्या कागदावर विषय क्रमांक १ लिहिला: बँक-मामांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये मांडलेला नियमबदल. विषय क्रमांक २: जुलैचा ठराव मागे घेणे. तिसरा लिहिताना हात जड झाला, तरी लिहिला: रजिस्टरमधला 'नातं' हा रकाना काढून टाकणे. तो रकाना सेक्रेटरीने आखला होता, हेही खाली लिहिलं.

पहिली सही मावशीची. दुसरी सकाळी बँक-मामींची; त्यांनी डोळ्यांजवळ कागद धरून तो दोनदा वाचला आणि मामांचं पेन शोधून आणलं. तिसरी मुलींच्या घरमालकाची, दुबईहून, फोन करून मिळवलेली. मुली स्वतः भाडेकरू, त्यांना सहीचा हक्क नाही. मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा हॉलमध्ये खोके बांधून ठेवलेले होते. सोलापूरच्या मुलीने विचारलं, "दादा, उपयोग होईल?" मी तिला हो म्हणू शकलो नाही. म्हटलं, "खोके अजून गाडीत चढवू नका."

तीस दिवसांतले एकवीस संपले होते. तीन सह्या हव्या होत्या.

तळमजल्यावर गेलो. 'परदेशी फॅड' म्हणालेल्या गृहस्थांचं दार. एका काखेत रजिस्टर, दुसऱ्या हातात कागद. बेल दाबली. आतून कुकरची शिट्टी, मग सपातांचा आवाज. दार अर्धवट उघडलं.

"काय सार, पाणी आलं नाही का?"

"पाणी आलंय," मी म्हटलं. "माझी एक चूक झालीय, ती सांगायला आलोय. आत येऊ?"